कानातील अबोल राखणदार : मध्यकर्णाचा ध्वनिप्रतिक्षेप आणि त्याचे वैद्यकीय महत्त्व

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवी वर्षात आरोग्यविषयक व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. निमंत्रण देण्यास आलेल्या कार्यकर्त्यांनी सांगितले, "डॉक्टर, हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब या विषयांवर आमच्याकडे पुष्कळ व्याख्याने झाली. कानाविषयी मात्र कोणी बोलले नाही." त्यांचे म्हणणे खरे आहे. डोळ्यास थोडे कमी दिसू लागले की आपण त्वरित चष्मा करून घेतो. परंतु कानाने कमी ऐकू येऊ लागले की प्रथम ते लपवतो, मग समोरच्यालाच "नीट बोलत जा" असे बजावतो आणि सात-आठ वर्षे गेल्यावर डॉक्टरांकडे येतो.

आज मी कानाच्या सर्व रोगांविषयी बोलणार नाही. मध्यकर्णात घडणारी एक अगदी छोटी क्रिया, जिला आम्ही ध्वनिप्रतिक्षेप अथवा अकूस्टिक रिफ्लेक्स म्हणतो, तिच्याविषयी बोलणार आहे. विषय अवघड वाटेल. परंतु तो निवडण्यामागे एक वैयक्तिक कारण आहे. ही तपासणी न केल्यामुळे माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. ती चूक आपल्यासमोर सांगावी आणि तिच्यातून इतरांचा तरी लाभ व्हावा, या हेतूने मी येथे उभा आहे.

मध्यकर्णाची रचना

कानाचे तीन भाग असतात : बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण. बाहेरून आलेला ध्वनी कानाच्या पडद्यावर आदळतो आणि पडदा कंप पावतो. पडद्याच्या पलीकडे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी आहे, तोच मध्यकर्ण. त्यात तीन हाडांची साखळी असते. शाळेत आपण त्यांची नावे शिकलो आहोत : हातोडी, ऐरण आणि रिकीब. घोड्यावर बसताना पाय ठेवण्याची जी कडी असते, तिच्या आकाराचे म्हणून रिकीब. मानवी शरीरातील हे सर्वांत लहान हाड. त्याची उंची साधारण ३ मिलिमीटर आणि वजन सुमारे ३ मिलिग्रॅम. म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान.

या साखळीचे कार्य असे की, पडद्याच्या मोठ्या पृष्ठभागावर पडलेला दाब रिकिबीच्या छोट्याशा तळाशी एकवटून तो सुमारे २२ पट करावा आणि अंतर्कर्णातील द्रवात पोहोचवावा. हवेतील ध्वनी पाण्यात सहजासहजी शिरत नाही. तळ्यात बुडी मारणाऱ्याला काठावरचे बोलणे ऐकू येत नाही, ते यामुळेच. ही अडचण मध्यकर्ण दूर करतो. पुढे कर्णावर्त, अर्थात गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला कॉक्लिया, त्या कंपनांचे विद्युतसंदेशात रूपांतर करतो आणि श्रवणाचा मज्जातंतू तो संदेश मेंदूकडे नेतो.

या हाडांना दोन चिमुकले स्नायू जोडलेले आहेत. हातोडीला जोडलेला टेन्सर टिंपनाय आणि रिकिबीला जोडलेला स्टेपीडियस. स्टेपीडियस हा शरीरातील हाडांना जोडलेल्या स्नायूंपैकी सर्वांत लहान. त्याची लांबी जेमतेम ६ मिलिमीटर. आजचा आपला विषय मुख्यतः या स्नायूचा आहे.

प्रतिक्षेप कसा घडतो?

मोठा आवाज कानी पडला की स्टेपीडियस आपोआप आकुंचन पावतो. तो रिकिबीला किंचित बाजूला ओढतो, त्यामुळे हाडांची साखळी ताठ होते आणि आत जाणारा ध्वनी काहीसा कमी होतो. डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडला की बाहुली लहान होते, तसेच काहीसे हे आहे. आपण ठरवून ते करीत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. निरोगी कानात शुद्ध स्वरांसाठी ही क्रिया साधारण ७० ते १०० डेसिबल या पातळीदरम्यान, बहुतेकांत ८५ डेसिबलच्या आसपास, सुरू होते. अनेक स्वर मिसळलेल्या गोंगाटासाठी ती त्याहून खालच्या पातळीवरही सुरू होते.

या क्रियेचा मार्ग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे. मार्गाचे तीन टप्पे समजावेत. पहिला जाण्याचा रस्ता : कॉक्लियापासून आठव्या मज्जातंतूने मस्तिष्कस्तंभापर्यंत. दुसरे मधले ठाणे : मस्तिष्कस्तंभातील केंद्रे, जिथे संदेश एका बाजूचा असला तरी तो दोन्ही बाजूंना वाटला जातो. तिसरा परतीचा रस्ता : सातव्या मज्जातंतूने, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूने, स्टेपीडियसपर्यंत. मधल्या ठाण्यातील या वाटणीमुळे आवाज एकाच कानात केला तरी स्नायू दोन्ही कानांत आखडतो. एका घराची घंटा वाजवावी आणि शेजारच्या घराचेही दार मिटावे, असा हा प्रकार. या एका गुणधर्मामुळेच ही क्रिया वैद्यकात इतकी उपयोगी ठरली आहे.

हे सारे एका दिवसात उमगलेले नाही. १८७८ साली जर्मनीतील हेन्सेन यांनी कुत्र्यांच्या मध्यकर्णातील स्नायू आवाजाने आखडताना पाहिले. १९२९ साली स्विस वैद्य लुशर यांनी पडद्याला छिद्र असलेल्या रुग्णाच्या कानात डोकावून स्टेपीडियसचे आकुंचन प्रत्यक्ष पाहिले. पुढे १९४६ साली डेन्मार्कचे ओटो मेट्झ यांनी पडदा शाबूत असतानाही बाहेरून ते मोजण्याची पद्धत दाखवून दिली, आणि १९७० साली अमेरिकेतील जेम्स जर्जर यांनी ही तपासणी रोजच्या रुग्णसेवेत कशी वापरावी याची घडी बसवली.

राखणदाराच्या मर्यादा

अनेकांचा असा समज असतो की, निसर्गानेच कानाला संरक्षण दिले आहे. मग फटाक्यांची, यंत्रांची अथवा ध्वनिवर्धकाच्या भिंतींची भीती कशाला? हा समज तीन कारणांनी चुकीचा आहे.

पहिले कारण वेळेचे. आवाज आल्यापासून स्नायू आखडेपर्यंत, आवाजाच्या तीव्रतेनुसार, सेकंदाच्या हजाराव्या भागाचे १० ते १५० भाग इतका अवधी जातो. फटाक्याचा वा बंदुकीचा तडाखा त्यापूर्वीच अंतर्कर्णात पोहोचलेला असतो. चोर घरात शिरून गेल्यावर दार लावावे, तसे हे होते. १९९९च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार फटाक्याचा आवाज ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा अधिक असू नये. परंतु तो हातात धरून किंवा पायाशी लावून उडवणाऱ्या मुलाच्या कानाचे अंतर ४ मीटर नसते, हे आपण विसरतो.

दुसरे कारण स्वरांचे. हा प्रतिक्षेप मुख्यतः खालच्या, म्हणजे साधारण १००० हर्ट्झच्या खालील स्वरांना अटकाव करतो. गोंगाटाने होणारी इजा मात्र प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास दिसू लागते. ज्या दारातून शत्रू येतो, त्या दारावर हा राखणदार फारसा नसतोच.

तिसरे कारण थकव्याचे. सतत चालणाऱ्या आवाजात स्नायूची पकड ढिली पडत जाते. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, अशा अनेक मंडळींचे कान मी तपासले आहेत. मागाच्या खोलीत आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि तिथे पाळी आठ-आठ, बारा-बारा तास चालते. जागतिक आरोग्य संघटना सुरक्षित म्हणून जी मर्यादा सांगते, ती ८० डेसिबल आठवड्यातून ४० तास इतकीच आहे. तेव्हा कारखानदार बंधूंनी कामगारांना कानात घालण्याची बुचे द्यावीत आणि ती घातली जातात की नाही, हेही पाहावे. चिमुकल्या स्नायूवर आठ तासांची जबाबदारी टाकून चालणार नाही.

मग या प्रतिक्षेपाचा नैसर्गिक उपयोग काय? एक उपयोग स्वतःच्या आवाजाशी संबंधित आहे. आपण बोलण्यापूर्वी क्षणभर आधीच हा स्नायू आखडतो आणि स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होऊ देत नाही. दुसरा उपयोग असा की, खालच्या स्वरांचा गोंगाट दडपल्यामुळे वरच्या स्वरांतील व्यंजने, म्हणजे बोलण्याची स्पष्टता, झाकोळली जात नाही. मात्र वैद्याच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा उपयोग निदानाचा आहे.

तपासणी कशी होते?

कानात रबरी टोक असलेली एक छोटी नळी बसवली जाते. तिच्यातून एक संथ, खालचा स्वर, बहुधा २२६ हर्ट्झचा, सोडला जातो आणि पडद्यावरून त्याचा किती भाग परत येतो हे यंत्र मोजते. प्रथम हवेचा दाब कमी-अधिक करून पडद्याची लवचिकता पाहिली जाते. तिला टिंपॅनोमेट्री म्हणतात. त्यानंतर ५००, १०००, २००० हर्ट्झ अशा स्वरांचे मोठे आवाज त्याच कानात आणि मग विरुद्ध कानात देऊन स्नायू आखडला की नाही, हे कागदावर उमटते. दोन्ही कानांच्या मिळून चार प्रकारच्या नोंदी होतात. सारे पाच-सात मिनिटांत आटोपते. सुई नाही, औषध नाही, वेदना नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाला काहीच सांगावे लागत नाही. नेहमीच्या श्रवणचाचणीत आवाज आला की बटण दाबावे लागते. तान्हे मूल, पक्षाघाताने वाचा गेलेले वृद्ध किंवा मतिमंद बालक हे करू शकत नाहीत. येथे कानच उत्तर देतो. बाळ सहा महिन्यांहून लहान असेल, तर मात्र २२६ ऐवजी १००० हर्ट्झचा स्वर वापरावा लागतो.

निदानातील उपयोग

आता ही क्रिया रोगाचे ठिकाण कसे दाखवते, ते पाहू.

लहान मुलांच्या मध्यकर्णात सर्दीनंतर चिकट द्रव साठतो. कान दुखत नाही, वाहत नाही. मूल फक्त हाक ऐकत नाही. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते हट्टी झाला आहे. माझ्याकडे आलेल्या एका सात वर्षांच्या मुलाला वर्गात शेवटच्या बाकावर बसवले होते आणि "अभ्यासात कच्चा" असा शिक्का मारला होता. यंत्राने आलेख सपाट दाखवला आणि प्रतिक्षेप दोन्ही कानांत अनुपस्थित. मध्यकर्णात थोडाही अडथळा असला, तर स्नायू आखडला तरी त्याची हालचाल पडद्यावर उमटत नाही. इतकी ही तपासणी संवेदनशील आहे. काही महिने वाट पाहूनही द्रव ओसरला नाही, म्हणून छोट्या शस्त्रक्रियेने तो काढला. त्यानंतर त्याची आई मला म्हणाली, "डॉक्टर, आता याला हळू बोल म्हणून सांगावे लागते."

दुसरा विकार ऑटोस्क्लेरोसिसचा. यात रिकीब जागच्या जागी जखडते. पडदा बाहेरून अगदी निरोगी दिसतो, परंतु ऐकू कमी येते आणि प्रतिक्षेप मिळत नाही. १९५६ साली अमेरिकेतील जॉन शे यांनी जखडलेली रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम रिकीब बसवण्याची शस्त्रक्रिया केली, आणि आज ती सर्वत्र केली जाते. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. श्रवणालेख ऑटोस्क्लेरोसिससारखा, पण प्रतिक्षेप मात्र व्यवस्थित, असे आढळले तर थांबावे. १९९८ साली लॉइड मायनर यांनी वर्णन केलेला, अंतर्कर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरील हाड विरळ होण्याचा विकार असाच भास निर्माण करतो. त्या रुग्णाची रिकीब बदलून काहीच लाभ होत नाही. पाच मिनिटांची तपासणी एक अनावश्यक शस्त्रक्रिया टाळू शकते.

तिसरा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरचा आहे. आजीला हळू बोललेले ऐकू येत नाही. ती म्हणते, "मोठ्याने बोल." आपण आवाज चढवतो, तेव्हा तीच म्हणते, "अरे, ओरडतोस कशाला? मी काय बहिरी आहे?" आपल्याला वाटते, आजी चिडखोर झाली. तसे नसते. कॉक्लियातील पेशी झिजल्या की मंद आवाज ऐकू येत नाही, परंतु मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा वाटतो. मधली पायरीच नाहीशी होते. अशा कानात ऐकू येण्याची पातळी आणि प्रतिक्षेपाची पातळी यांतील अंतर कमी होते. निरोगी कानात ते ७०-८० डेसिबल असते. येथे ते ६० पेक्षाही खाली येते. हे अंतर कमी झाल्याचे दिसले की विकार कॉक्लियात आहे असे अनुमान निघते आणि श्रवणयंत्राचा मोठ्यात मोठा आवाज किती ठेवावा, याचा अंदाज बांधता येतो. आजीने श्रवणयंत्र कपाटात ठेवून दिले, तर पुष्कळदा दोष आजीचा नसून यंत्र नीट न जुळवण्याचा असतो.

चौथा उपयोग चेहऱ्याच्या लकव्यात. सकाळी उठल्यावर तोंड एका बाजूस वाकडे, डोळा मिटत नाही, असा रुग्ण पुष्कळदा म्हणतो, "त्या कानात भांड्यांचा आवाजही सहन होत नाही." कारण उघड आहे. परतीचा रस्ता, म्हणजे सातवा मज्जातंतू, बंद पडला आणि राखणदार निकामी झाला. प्रतिक्षेप नसेल तर इजा स्टेपीडियसची शाखा फुटते त्याच्या अलीकडे, मेंदूच्या बाजूस आहे. असेल तर पलीकडे. नाहीसा झालेला प्रतिक्षेप परत येऊ लागला, तर ते चेहरा सुधारण्याचे शुभलक्षण मानले जाते. मात्र आपणा सर्वांस विनंती की, तोंड वाकडे झाले तर मंत्र-तंत्र अथवा मालिश यांत वेळ घालवू नये. तो पक्षाघात असू शकतो. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. लकवाच असला तरी औषधे पहिल्या ७२ तासांत सुरू झालेली अधिक गुणकारी ठरतात.

पाचवा उपयोग नवजात बालकांत. जन्मतः तीव्र कावीळ झालेल्या काही बालकांत कॉक्लियाच्या पेशी काम करतात, परंतु मज्जातंतूतून संदेश सुसूत्रपणे जात नाही. १९९६ साली स्टार आणि सहकाऱ्यांनी या विकाराला ऑडिटरी न्यूरोपथी हे नाव दिले. प्रसूतिगृहात केली जाणारी एक सोपी चाचणी केवळ कॉक्लियाचा प्रतिसाद पाहते. ती या बाळाला "उत्तीर्ण" ठरवते. आई-वडील निश्चिंत होतात आणि मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही. अशा बाळात ध्वनिप्रतिक्षेप मात्र मिळत नाही अथवा फार वरच्या पातळीवर मिळतो. म्हणून काविळीचा इतिहास असेल, बाळाला अतिदक्षता कक्षात ठेवावे लागले असेल, तर एकाच चाचणीवर विसंबू नये. मस्तिष्कस्तंभाची विद्युतचाचणीही करून घ्यावी. मुंबईतील १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी हे सर्व उपलब्ध आहे. ज्या बालकांना कॉक्लियर इम्प्लांट बसवले जाते, त्यांच्यातही हाच प्रतिक्षेप उपयोगी पडतो. विद्युतस्पंदाने स्नायू कोणत्या पातळीवर आखडतो हे पाहून, बोलू न शकणाऱ्या मुलासाठी यंत्राची वरची मर्यादा ठरवता येते.

माझी चूक

आता ज्या प्रसंगाचा उल्लेख आरंभी केला, तो सांगतो. संबंधित गृहस्थांची अनुमती घेतली आहे. नाव सांगत नाही.

सुमारे २५ वर्षांपूर्वीची गोष्ट. वय ४५च्या आसपास, भुसार मालाचे व्यापारी. संध्याकाळी उशिरा आले. तक्रार एवढीच : "फोन डाव्या कानाला लावला तर आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. उजव्या कानाला लावला की सर्व ठीक." मी कान पाहिला, पडदा स्वच्छ. श्रवणालेख काढला. डाव्या कानात थोडी घट, उजवा निरोगी. बाहेर रुग्ण खोळंबले होते, त्यांनाही दुकानी परतण्याची घाई होती. मध्यकर्ण तपासण्याचे यंत्र शेजारच्याच खोलीत होते. मी ते वापरले नाही. "वयोमानाप्रमाणे थोडे कमी झाले आहे, काळजी नको" असे सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या.

आज मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारतो, वय काय एकाच कानाचे वाढते? तो प्रश्न त्या दिवशी मी स्वतःस विचारला नाही. घट थोडी, परंतु शब्द अजिबात कळत नाहीत, ही विसंगतीही माझ्या नजरेतून सुटली.

अडीच वर्षांनी ते पुन्हा आले, ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. चालताना तोल जात होता. या वेळी प्रतिक्षेपाची तपासणी केली. उजव्या कानात आवाज दिला की दोन्ही स्नायू आखडत होते. डाव्या कानात दिला की एकही आखडत नव्हता. जाण्याचा डावा रस्ताच बंद होता. एमआरआय केला. आठव्या मज्जातंतूवर सुमारे ३ सेंटिमीटरची गाठ होती आणि ती मस्तिष्कस्तंभावर दाब देत होती. गाठ कर्करोगाची नव्हती, शस्त्रक्रिया झाली, प्राण वाचले. परंतु डावा कान कायमचा गेला आणि सातवा मज्जातंतू गाठीस चिकटलेला असल्याने चेहऱ्याची डावी बाजू दुबळी राहिली.

टाके काढल्यानंतर ते मला भेटावयास आले. त्यांनी रागाने नव्हे, अगदी शांतपणे विचारले, "डॉक्टरसाहेब, तेव्हाच कळले असते तर?"

मला उत्तर देता आले नाही. आज विचार करून एवढेच म्हणेन : त्या संध्याकाळी तपासणी केली असती तर निदान झालेच असते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. गाठ लहान असताना प्रतिक्षेप निर्दोष मिळू शकतो. परंतु तो दुबळा सापडण्याचा संभव होता. अशा रुग्णांसाठी एक वेगळी चाचणी आहे. ५०० अथवा १००० हर्ट्झचा आवाज, प्रतिक्षेपाच्या पातळीहून १० डेसिबल वर, सलग १० सेकंद द्यावयाचा. निरोगी कानात स्नायू पकड धरून राहतो. मज्जातंतूवर दाब असेल तर पकड अर्ध्याहून खाली घसरते. १९७०च्या सुमारास स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिलेली ही चाचणी मला पुस्तकातून पाठ होती. मी ती केली नाही, एवढेच सत्य आहे. गाठ लहान असती तर नियमित एमआरआय करून लक्ष ठेवणे, किरणोपचार अथवा लहान शस्त्रक्रिया असे पर्याय त्यांच्यापुढे असते, आणि चेहरा वाचण्याची शक्यता कितीतरी अधिक असती.

ते गृहस्थ आजही माझ्याकडे येतात. आमच्यात कटुता नाही; परंतु ते हसतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हसते, आणि मला ती संध्याकाळ आठवते.

तारतम्य हवे

या तपासणीची स्तुती करताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ही तपासणी एकटी कोणताही रोग सिद्ध करीत नाही; ती दिशा दाखवते. एकाच बाजूची अकारण श्रवणघट असेल, तर प्रतिक्षेप चांगला मिळाला तरी एमआरआयचा विचार सोडू नये. ज्यांचे श्रवण फारच कमी झाले आहे, त्यांच्यात कॉक्लियाच्या विकारामुळेही प्रतिक्षेप मिळत नाही. शिवाय तपासणीत काही क्षण १०० डेसिबलच्या आसपास आवाज द्यावा लागतो. ज्यांच्या कानात सतत गुणगुण होते किंवा ज्यांना आवाज सहन होत नाही, त्यांनी तसे आधी सांगावे, म्हणजे तंत्रज्ञ जपून आवाज देतील.

काही विनंत्या

आपला वेळ मी पुष्कळ घेतला. समारोपापूर्वी काही विनंत्या करतो. एका कानाने कमी ऐकू येणे, एकाच कानात आवाज येणे, किंवा फोनवर एका बाजूने शब्द न कळणे, ही लक्षणे वयाच्या माथी मारू नका. श्रवणतपासणीस गेलात तर केवळ बटण दाबण्याची चाचणी करून परतू नका, "मध्यकर्णाची आणि प्रतिक्षेपाची तपासणी झाली का?" असे नम्रपणे विचारा. विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. त्या संध्याकाळी कोणी मला विचारले असते, तर मी त्याचा जन्मभर ऋणी राहिलो असतो.

शाळेत मागे पडलेल्या मुलाला रागावण्यापूर्वी त्याचे कान तपासा. मिरवणुकीत, लग्नसमारंभात ध्वनिवर्धकाजवळ तान्ह्या मुलांना नेऊ नका. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. ती पोलिसांनी पाळावयास लावावी आणि आपण मोडावी, असे होऊ नये. आपली संस्था जी आरोग्यशिबिरे भरवते, त्यांत दृष्टितपासणीच्या शेजारी श्रवणतपासणीचेही एक टेबल असावे आणि त्या टेबलावर हे छोटे यंत्रही असावे, ही माझी विश्वस्त मंडळास विनंती. यंत्र चालवण्यासाठी प्रशिक्षित श्रवणतज्ज्ञ मिळवून देण्याची जबाबदारी मी घेतो, आणि पहिल्या शिबिरास स्वतः उपस्थित राहीन.

६ मिलिमीटरचा तो स्नायू दिवसरात्र, आपल्या नकळत, काम करीत असतो. त्याचे सांगणे ऐकण्यासाठी वैद्याजवळ पाच मिनिटांचा अवधी आणि थोडी जागरूकता हवी. त्या संध्याकाळी माझ्याजवळ दोन्हींचा अभाव होता. तो अभाव इतर कोणाच्या वाट्यास न येवो, एवढीच प्रार्थना करून मी माझे दोन शब्द संपवतो.